आत्याच्या अंगातला अमोनिया

आत्याच्या अंगात ताकद यावी म्हणून भाच्याने तिच्या सकाळच्या केळ्यात व्यायामशाळेची प्रोटीन पावडर कालवली, आणि आठवडा सरायच्या आत आत्या सरकारी परीक्षकाला म्हणाली, "बाळा, तुझी टोपी पाइपवर वाळत घातलीय. ती काढ आधी."

परीक्षकाची टोपी त्याच्या डोक्यावर होती. पाइपवर काहीच नव्हतं. आणि परीक्षक आत्याहून वयाने मोठा होता.

हा भाचा म्हणजे प्रस्तुत लेखक. इथून पुढे त्याला भाचाच म्हणू. यापेक्षा मोठा मान द्यावा असं या गोष्टीत त्याने फारसं काही केलेलं नाही.

आत्या बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवते. आधी तिचा नवरा चालवायचा. तो गेल्यावर मालकाने तिला डबे धुवायला ठेवलं, आणि वर "बघा, माणुसकी अजून शिल्लक आहे," असं चारचौघांत सांगून त्या माणुसकीची पुरेपूर वसुलीही केली. डबे धुता धुता आत्याचे कान मशीनकडे असायचे. कॉम्प्रेसर कसा दमतो, पट्टा कधी घसरतो, झडप कुठल्या आवाजात कुरकुरते, हे तिला आधी कानाने कळलं आणि मग हाताने. जुना मशीनवाला दुपारी डुलकी काढायचा तेव्हा ती काट्यांवर नजर ठेवायची. पुढे त्याची डुलकी लांबत गेली आणि आत्याची नजर पक्की होत गेली. तो घरी बसला तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. मशीन चालूच होतं.

कारखाना तसा साधा. एका मोठ्या टाकीत मिठाचं पाणी, त्यावर फळ्या, फळ्यांखाली ओळीने पत्र्याचे उभे डबे. डब्यात गोडं पाणी भरायचं, डबा टाकीत सोडायचा, पाणी गोठलं की साखळीने वर उचलायचा, कोमट पाण्यात बुचकळायचा, उलटा करायचा. लादी धाडकन घसरून बाहेर. डबा पुन्हा रांगेत. डबा तोच, पाणी नवं.

पण या सगळ्यामागचा खरा कामगार म्हणजे अमोनिया. तो दिसत नाही, थकत नाही, रजा मागत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सर त्याला निववतो, मग बारीक झडपेतून सुटून तो टाकीतल्या नळ्यांमध्ये उकळतो आणि मिठाच्या पाण्यातली सगळी ऊब घेऊन परत कॉम्प्रेसरकडे येतो. पाइपात आहे तोवर गुणाचा. बाहेर आला की धडधाकट माणसाला रडवतो. आत्या त्याच्याबद्दल जावयाबद्दल बोलावं तसं बोलायची: "मान द्यावा, पण मोकळं सोडू नये."

अंगाने आत्या म्हणजे काडी. भात, बटाटा, पाव, फळं, साखर एवढ्यावर तिचा संसार. अंड्याचा वास आला की उठून जायची. मांस नको, दूध नको, डाळ असली तर वरचं पाणी. लहानपणी आजीने नाक दाबून दुधात अंडं पाजलं की ती ओकायची आणि दिवसभर झोपून राहायची. "नखरे!" म्हणून वर पाठीत धपाटा. भाच्याच्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या मोठ्या भावाने, तिचं नाव ठेवलं 'बटाटेबाई'. ती चाळिशी ओलांडून गेली तरी नाव चिकटलेलंच. सासरीही तेच: "आमच्या सुनेला राजवाड्यात द्यायला हवं होतं, तिथे बटाटे सोलून मिळाले असते." आत्या उत्तर द्यायची नाही. बटाटे मात्र खायची.

भाचा गावाकडची शाळा संपवून शहरात आला तो आत्याच्याच दोन खोल्यांत राहिला. दिवसा मोबाइलच्या दुकानात काचा बसवायचा आणि संध्याकाळी व्यायामशाळेत आरशासमोर दंड फुगवायचा. दंड फारसे फुगत नव्हते, म्हणून त्याने सवलतीत पावडरचं मोठं पिंप आणलं. त्यावरच्या चित्रातला माणूस दरवाजा उखडून हातात घेऊन उभा होता.

अशात नवा नियम आला. अमोनियाच्या मशीनखोलीचा प्रमुख परवानाधारकच पाहिजे. म्हणजे परीक्षा. आत्या पास झाली तर मशीन तिचं, पगार मशीनवाल्याचा, आणि दारावर पाटीही. नापास झाली तर पुन्हा डबे. मालकाचा मेहुणा कुठल्याशा लांबच्या कारखान्यातून परवाना घेऊन आधीच हजर होता. मशीनखोलीतल्या खुर्चीचं त्याने दोनदा माप घेतलं आणि मखमली उशी शिवून आणली. आत्या मशीनवर असताना तो दारातून उशी दाखवायचा. "नुसती बसते का बघतो," म्हणायचा.

"बसते बसते," आत्या म्हणायची, "खुर्ची रिकामी झाली की तीही बसेल."

बाहेर असं बोलली तरी घरी तिची झोप उडाली होती. तोंडाने नियम घोकत फेऱ्या मारायची, जेवण तसंच झाकून ठेवायची. भाच्याला वाटलं, हीच वेळ आहे उपकार फेडायची. सकाळी आत्या केळं कुस्करून पाण्यात साखर घालून पीत असे. ते काम भाच्याने प्रेमाने आपल्याकडे घेतलं, आणि आत दोन मोठे चमचे पावडर.

"केळं असं का लागतंय रे?"

"जात वेगळी आहे, आत्या."

"कसली जात? खडूसारखी चव आहे."

"महागातली आहे."

"मग पिते बाई. तू घुसळलंस म्हणून हं."

दोन दिवसांनी आत्याचं डोकं दुखायला लागलं. मग तिला मळमळायला लागलं. मग ती एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून निघाली, आणि सांगितल्यावर म्हणाली, "असू दे, दोघी एकाच घरातल्या आहेत." बसल्या बसल्या पेंगायची, हाक मारली की वसकन अंगावर यायची. भाच्याने निदान केलं: अशक्तपणा. उपाय: दोनाचे चार चमचे. उंटावरचे शहाणे म्हणतात ते असे. शेळी खाली ओकतेय आणि हा वरून आणखी चारा टाकतोय.

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते वर आलंच आहे. टोपीचं बोलून झाल्यावर आत्या भिंतीला धरत धरत मशीनकडे गेली आणि जी झडप आधी बंद करायची तिच्याऐवजी भलत्याच झडपेला हात घातला. मशीनखोलीतल्या मदतनिसाने धावत येऊन तिचं मनगट धरलं. ती त्याच्याकडे बघून हसली आणि तिथेच खाली बसली.

मालकाने नाकाला रुमाल लावला. "सकाळी सकाळी घेऊन आलात? बाईमाणसाने तरी..."

 मेहुण्याने खुर्चीत उशी ठेवली आणि तो तीवर बसला.

भाच्याला दुकानात फोन गेला: तुमची आत्या दारू पिऊन कामावर आली आहे, घेऊन जा. भाचा पोचला तेव्हा आत्या गेटजवळ पोत्यांवर कलंडलेली, श्वास भराभर चाललेला, डोळे अर्धे मिटलेले. कुजबुजत होती ते नियमच, पण उलट्या क्रमाने. त्या क्षणी भाच्याच्या पाचावर धारण बसली. टॅक्सीत त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ते बटाट्याच्या पोत्यासारखं जड झालं होतं.

रुग्णालयात पहिल्या टेबलावरच्या माणसाने लांबूनच ठरवलं, "पिलेली दिसते. तिकडे झोपवा, उतरेल." दुसरीकडून एक तरुण डॉक्टरीणबाई आली. ती वाकली, आत्याच्या तोंडाचा वास घेतला, आणि सरळ झाली.

"यांनी दारू घेतलेली नाही. श्वास इतका जलद का आहे? काल काय खाल्लं?"

"जेवल्याच नाहीत नीट. परीक्षा होती," भाचा म्हणाला. आणि आपण अगदीच निष्काळजी वाटू नये म्हणून छाती काढून पुढे म्हणाला, "पण अशक्तपणा नसणार, डॉक्टर. मी रोज प्रोटीन पावडर देतोय. चार चमचे. उत्तम कंपनीची."

डॉक्टरीणबाईचा हात आत्याच्या मनगटावर होता तो तिथेच थांबला.

"एरवी खातात का हे? अंडी, मांस, डाळ?"

"छे! बटाटेबाई म्हणतात त्यांना घरी."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

ती वळून परिचारिकेला म्हणाली, "रक्तातला अमोनिया बघायचाय. आत्ता."

भाच्याला वाटलं, कारखान्यात गळती झाली असावी आणि आत्याने वास घेतला असावा. "नाही हो, मशीन ठीक आहे," तो म्हणाला.

"मशीनचं नाही विचारलं," ती म्हणाली.

रक्त काढलं, नळी टेबलावर ठेवली, आणि ती न्यायला येणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर अडकला. डॉक्टरीणबाई परत आली तेव्हा नळी तिथेच, उन्हाच्या तिरिपेत पडलेली. तिने ती उचलून सरळ टाकून दिली.

"उबेत ठेवलं की नळीतच अमोनिया वाढत जातो. खोटा आकडा येईल. दुसरं रक्त काढते. पण ते बर्फात न्यायला हवं. बर्फ कुठाय?"

परिचारिका म्हणाली, "बर्फाचं यंत्र कालपासून बंद आहे."

बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवणारी बाई खाटेवर पडलेली, आणि तिच्यासाठी मूठभर बर्फ नाही! भाचा धावत सुटला. गेटबाहेर सरबतवाल्याची गाडी होती. त्याच्या लाकडी पेटीत पोत्याखाली एकच तुकडा उरला होता, साधारण विटेएवढा.

"दे तो मला."

"अहो, भर दुपार आहे. हा गेला तर मी गरम सरबत विकू का?"

"परत आणून देतो. माझी आत्या बर्फाच्या कारखान्यात आहे."

"सगळ्यांची असते," सरबतवाला म्हणाला. पण भाच्याच्या तोंडाकडे बघून त्याने टोच्याने तुकडा सुटा केला, फडक्यात गुंडाळला आणि वर बजावलं, "दान नाही हं. उसना दिलाय. एवढाच परत पाहिजे."

तो तुकडा आत्याच्याच कारखान्यातला होता हे भाच्याला नंतर सुचलं. त्या वेळी त्याने फक्त पाय उचलले.

आकडा आला. डॉक्टरीणबाईने तो दोनदा वाचला आणि मग तिच्या हाताखाली सगळं एकदम हललं. साखरेच्या पाण्याची बाटली चढली, एक औषध शिरेतून सुरू झालं. "अमोनिया उतरला नाही तर यंत्रावर रक्त धुवावं लागेल," ती म्हणाली. "आणि हे पिंप घरात दिसता कामा नये."

भाच्याला तोवर कळून चुकलं होतं. तो भिंतीशी उभा राहून त्या दरवाजा उखडणाऱ्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होता, आणि त्यातल्या बऱ्याचशा स्वतःलाच लागत होत्या.

यंत्राची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग भाच्याकडे बघितलं आणि विचारलं, "परीक्षा झाली का?"

"झाली, आत्या."

"पास?"

भाच्याने मान खाली घातली. आत्याने पुढे विचारलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यात ती कुणासमोर रडली नव्हती, आणि तेव्हाही रडली नाही, पण तिची पाठ बराच वेळ हलत होती. मशीन गेलं, एवढंच तिच्या मनात. का गेलं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

दुपारी बाबा गावाहून आले. आल्या आल्या म्हणाले, "काय बटाटेबाई, म्हणत नव्हतो मी? खायला नको, प्यायला नको. हाडांचा सापळा झालाय नुसता."

"आपण कोण?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"मोठा भाऊ."

"मग बसा. तुम्हीही ऐका."

ती खाटेच्या कडेला टेकली आणि आत्याशी बोलायला लागली. "अंडं, मांस, दूध, डाळ यांत प्रथिनं असतात. पोटात ती सुटी होतात. त्या सुट्या तुकड्यांना अमिनो आम्लं म्हणतात. तुम्ही विटा समजा. शरीर लागतील तेवढ्या विटा बांधकामाला लावतं. उरलेल्यांचं काय होत असेल?"

"ठेवून देत असेल," आत्या भिंतीकडूनच म्हणाली.

"तीच तर गोम आहे. चरबी साठवायला जागा आहे, साखरेला थोडी आहे. विटांना कोठारच नाही. जास्तीची वीट फोडावी लागते. तिचा बराचसा भाग जळणाला जातो. जो नायट्रोजन उरतो, तो अमोनिया होऊन सुटतो."

आत्या वळली. "कुठला अमोनिया?"

"एकच आहे तो. तुमच्या मशीनमधला."

"माझ्या अंगात?"

"सगळ्यांच्या. माझ्या, यांच्या, या तुमच्या भाच्याच्या."

"याच्या डोक्यात असेल," आत्या म्हणाली. तिचा आवाज अजून बारीक होता, पण धार परत आली होती. "मग गळती कशी होत नाही?"

"यकृत होऊ देत नाही. तिथे एक फेरा चालतो. ऑर्निथिन नावाचा एक पदार्थ असतो. त्याच्यावर अमोनियाचा बांधलेला माल चढतो, पुढच्या टप्प्यावर आणखी एक नायट्रोजन चढतो, आणि शेवटी त्या सगळ्यातून युरिया सुटून बाहेर पडतो. मागे उरतं पुन्हा ऑर्निथिन. ते परत पहिल्या जागी, नवा माल घ्यायला."

आत्या कोपरावर उठली. "थांबा. म्हणजे डबा!"

"कसला डबा?"

"बर्फाचा हो. भरायचा, गोठवायचा, उलटा करायचा, लादी बाहेर, डबा परत. डबा तोच."

डॉक्टरीणबाईला हसू आलं. "अगदी डबा. आणि युरिया ही लादी. बिनविषारी, पाण्यात विरघळणारी. रक्तातून मूत्रपिंडाकडे जाते आणि लघवीवाटे बाहेर. मोकळा अमोनिया मात्र मेंदूला गुंगवतो. तुम्हाला गुंगवलं तसं."

"मग माझा डबा फुटका आहे का?"

"डबा ठणठणीत आहे. डबा भरणारे हात कमी आहेत. माल चढवणारं जे एन्झाइम असतं, ते तुमच्या यकृताच्या काही पेशींत नीट आहे आणि काहींत नाही, असं मला दिसतंय. पुढच्या तपासण्यांत नक्की कळेल. जन्मापासूनचं आहे. थोडं थोडं खाल्लंत तर तुमचे हात पुरतात. एकदम ढीग आला की माल तुंबतो. आणि तुम्ही त्यात उपाशी राहिलात. उपाशी राहिलं की शरीर स्वतःच्याच भिंती पाडून विटा काढतं. म्हणजे दुप्पट माल."

 आत्या म्हणाली, "लहानपणी अंडं पाजलं की मी ओकायची. मग झोपून राहायची."

"राहणारच. डोक्यात अमोनिया चढत असणार."

"सगळे म्हणायचे नखरे."

"नखरे नव्हते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुमच्या घरात खरं कळत होतं ते एकट्या तुमच्या जिभेला. तिने तुम्हाला इतकी वर्षं जगवलं. ती बटाटा मागत होती ते बरोबर मागत होती."

आत्याने भावाकडे बघितलं. रागाने नाही. मोठ्या परीक्षेचा निकाल हातात घेऊन धाकट्याने थोरल्याकडे बघावं, तसं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. मग पिशवीत हात घालून म्हणाले, "तुझ्यासाठी... बटाटे आणलेत उकडून. तुझ्या वहिनीने दिलेत."

"मीठ आहे का वर?"

"आहे."

"मग दे, दादा."

दोष घराण्यातला असू शकतो म्हणून बाबांचंही रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. आत्याच्या मते हट्टीपणा निघायला हवा होता, पण त्याची तपासणी अजून निघालेली नाही.

तपासण्या आल्या. निदान तेच ठरलं. आत्याला औषध मिळालं, मोजकं खायचं पथ्य मिळालं, ताप आला किंवा जेवण चुकलं की लगेच रुग्णालय गाठायचं अशी ताकीद मिळाली. आणि ती सरळ मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"परीक्षा परत द्यायचीय."

मालकाला तोवर कळलं होतं की ती प्यायलेली नव्हती. पण लाज वाटली तर ती दाखवेल तो मालक कसला. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या अंगात अमोनिया चढतो. तुम्हाला अमोनियाच्याच खोलीत कसं ठेवू? आगीतून काढून फुफाट्यात?"

आत्याने भाच्याचा फोन मागितला, डॉक्टरीणबाईला लावला आणि मालकाच्या कानाला धरला. पलीकडून काय बोलणं झालं ते सगळ्यांना ऐकू आलं, कारण फोनची काच भाच्याने स्वतः बसवली होती आणि तेव्हापासून तो फोन कुजबुजेनासा झाला होता.

"पाइपातल्या अमोनियाचा आणि यांच्या आजाराचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणत होती. "यांचा अमोनिया ताटातून येतो. गळती असलेल्या खोलीत कुणीच उभं राहू नये. त्यांनीही नाही, तुम्हीही नाही. तुमच्या खोलीत गळती आहे का?"

"छे छे," मालक घाईने म्हणाला.

"मग अडचण काय?"

अडचण खुर्चीत उशीवर बसून शिंकत होती. मेहुण्याला आल्यापासून सर्दी झाली होती. "इथला गारवा मला मानवत नाही," म्हणायचा.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक तोच आला. टोपी घालून. आत्याने आधी पोटभर भात खाल्ला, औषध घेतलं, दोन्ही पायांत एकाच रंगाच्या चपला घातल्या. भाच्याला हात लावू दिला नाही, पाण्याच्या ग्लासालाही नाही. "तू लांब उभा राहा. आणखी लांब."

परीक्षकाने आधी तोंडी विचारलं. अमोनिया कुठून निघतो, कुठे जातो, कुठे काय करतो. आत्या बोलत गेली. थांबली नाही, अडली नाही. शेवटी परीक्षक म्हणाला, "आणि सगळं संपल्यावर तो कुठे जातो?"

"संपत नाही साहेब. फेरा आहे. जिथून निघाला तिथे परत." आणि मग तिला राहवलं नाही. "फक्त मशीनमध्ये तोच आत फिरत राहतो. अंगात मात्र त्याची लादी करून बाहेर टाकावी लागते."

"कुणाच्या अंगात?"

"तुमच्याही. सकाळी काय खाल्लंत?"

"अंडी," परीक्षक गोंधळून म्हणाला.

"मग आत्ता आत काम जोरात चाललं असेल."

यानंतर गळतीची परीक्षा. परीक्षकाने मदतनिसाकडून कुठल्यातरी एका जोडाचा नट केसभर सैल करून घेतला होता. तो हुडकायचा. आत्याने नाकाला ओलं फडकं बांधलं, गंधकाची वात पेटवली आणि पाइपांच्या कडेकडेने हळूहळू फिरवत निघाली. अमोनिया सुटत असेल तिथे त्या वातीचा धूर दाट पांढरा होतो. कंडेन्सरमागच्या वळणावर तो झाला. आत्याने पाना लावला, नट आवळला, वात पुन्हा फिरवली. धूर नाही.

"उत्तम," परीक्षक म्हणाला. "झालं."

"नाही झालं," आत्या म्हणाली.

"एकच सैल केला होता."

"तुम्ही केलेली गळती एक. न केलेली आणखी एक आहे." तिने फडकं खाली ओढलं, मान तिरकी केली, एकदा हुंगलं, आणि वात घेऊन सरळ खुर्चीकडे चालायला लागली. मेहुणा उठला. त्याला उठावंच लागलं. खुर्चीमागे भिंतीलगत मशीनमधलं साचलेलं तेल काढायची लहानशी झडप होती. आत्याने वात तिच्या मुळाशी नेली आणि मखमली उशीच्या मागून पांढराशुभ्र धुराचा लोट वर चढला.

 मग मेहुणा शिंकला.

"ही तुमची सर्दी," आत्या म्हणाली. "मी मशीनवर असताना ही झडप कधी श्वाससुद्धा टाकत नव्हती. खुर्ची मागे सारून सारून तुम्ही तिचा दांडा ढिला केलात."

तिने झडप आवळली, धूर विरला, आणि उशी उचलून मेहुण्याच्या हातात दिली. अदबीने, दोन्ही हातांनी. मदतनीस आधी हसला, मग डबे उचलणारे हसले, मग टाकीवरच्या फळ्यांवर कुणीतरी पाय आपटले आणि सगळा कारखाना दणाणला. मालकालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. परीक्षकाने टोपी काढली, बघितली, आणि आत्याला म्हणाला, "ही मी पाइपवर वाळत घालू का?"

"घाला साहेब," आत्या म्हणाली, "आता पाइप सुरक्षित आहे."

मशीनखोलीच्या दारावर आता पाटी आहे. गावाला गेलं की बाबा ओळख करून देतात, "ही माझी बहीण, मशीनप्रमुख." बटाटेबाई हे नाव त्यांनी सोडलेलं नाही, पण आता ते असं उच्चारतात की ऐकणाऱ्याला ती एखादी पदवी वाटावी. पावडरचं पिंप आत्याने फेकू दिलं नाही. धुऊन त्यात ती तांदूळ ठेवते. दरवाजा उखडणारा माणूस आता भाताची राखण करतो.

राहता राहिला तो विटेएवढा बर्फ.

आत्याने परवाना मिळाल्यावर पहिली लादी काढली ती सरबतवाल्यासाठी. पाण्यात हवा खेळवून केलेली, काचेसारखी आरपार. भाचा ती हातगाडीवर घालून घेऊन गेला. सरबतवाल्याने तिच्याभोवती फेरी मारली. "ही माझ्या पेटीत मावणार कुठे? मी एवढासा दिला होता. एवढासाच आण." लादी आजूबाजूच्या फळवाल्यांत वाटली गेली. पुढच्या वेळी भाच्याने बरोबर विटेएवढा तुकडा फडक्यात बांधून सायकलला अडकवला. पोचला तेव्हा फडक्यात जे होतं ते सरबतवाल्याने नळावर पिळलं आणि विचारलं, "मी पाणी दिलं होतं का?"

"अरे, मोठी ने आणि तिथे फोड," आत्या म्हणते. "एवढंही मीच सांगायचं?"

ते बरोबरच आहे. पण फोडायला टोचा लागतो, आणि टोचा सरबतवाल्याकडेच आहे, आणि उधारी फिटेपर्यंत तो भाच्याला टोच्याला हात लावू देत नाही. तोवर रुग्णालयाकडे आत्याचं औषध आणायला जाताना भाचा त्या गाडीच्या अलीकडेच रस्ता ओलांडतो.